पुढच्या दाराची नोकरी

"कपडे फिकट रंगाचे असावेत," मोबाइलमधली मुलगी म्हणाली.

प्राप्तीने व्हिडिओ थांबवला आणि कपाटापुढे बसलेल्या आईकडे पाहिलं. मैनाने कपाटाचं दार सताड उघडलं. आत राखाडी होता, पिस्ता होता, धुऊन धुऊन दमलेला निळा होता, आणि एक असा रंग होता की ज्याचं नाव दुकानदारालाही सांगता आलं नसतं. "हाच न्या, तुम्हाला चालेल," म्हणून त्याने तो बांधून दिला होता.

"हाय," मैना म्हणाली.

व्हिडिओ पुढे सरकला. दागिने टाळावेत. आवाज करणाऱ्या बांगड्या तर अजिबात नकोत. कपाळाला मोठी टिकली नको, केसांत फुलं नकोत. थोडक्यात, बोलण्याआधीच कुणाचं आपल्याकडे लक्ष जावं असं अंगावर काहीच नसावं.

ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या नीराबाईंचा हात थांबला. नीराबाई म्हणजे मैनाच्या सासूबाई. त्यांना ऐकायला कमी येतं असा गावाचा समज होता, आणि त्यांनी तो सोयीसाठी जपला होता.

"कोन गो ही पोर?"

"यूट्यूबवरची आहे, आजी. इंटरव्ह्यूला काय घालून जायचं ते सांगते."

"नवरा कवा गेला तिचा?"

"कुणाचा?"

"तिचाच. येवढं सगलं ठावं हाय तिला, म्हनून इचारलं."

प्राप्ती खो खो हसली. मैनाही हसली. मग दोघी जरा जास्तच लवकर थांबल्या.

मैनाचा नवरा बाळाजी कावीळ होऊन गेला तेव्हा प्राप्ती दुसरीत होती. आता ती अलिबागला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. म्हणजे एवढी सगळी वर्षं मैना इंटरव्ह्यूच्या पोशाखात तयार बसलेली होती. बोलावणंच तेवढं कुणाचं आलं नव्हतं.

गाव तसं वाईट नव्हतं. नागावच्या मागच्या अंगाला, नारळी-पोफळीच्या वाड्या संपून शेतं लागतात तिथलं. ग्रामपंचायतीने तर विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव करून तो काचेच्या चौकटीत लावला होता. ठरावाच्या दिवशी सरपंचांनी भाषण केलं, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. त्याच आठवड्यात शेजारच्या घरात हळद होती. मैनाला रीतसर बोलावणं आलं. ती गेली, आणि पुढच्या दाराने न जाता चुलीकडून गेली, कारण पाय तिकडेच वळले. तिथे तिला कुणी 'इकडून का आलीस' असंही विचारलं नाही. भाताचं पातेलं उतरायलाच माणूस हवं होतं.

असं सगळं प्रेमाने चालायचं. कुणी 'मागे हो' म्हणत नसे. ओवाळायची वेळ आली की मैनाला पापड तळायचे आहेत हे सगळ्यांना एकदम आठवे.

त्यामुळे 'माहेर बीच स्टे'ला पाहुण्यांच्या स्वागतासाठी बाई पाहिजे, असं प्राप्तीने सांगितलं तेव्हा मैनाने पहिला प्रश्न पगाराचा विचारला नाही.

"स्वागत म्हंजे काय करायचं?"

"पुढच्या दारात उभं राहायचं. येतील त्यांना या म्हणायचं."

"पुढच्या दारात?"

"हो गं मम्मे. मागच्या दारात कोण स्वागत करतं?"

पांढऱ्या कांद्याच्या शेतात ओणवं राहून मैनाचे गुडघे बोलायला लागले होते, हे कारण तिने सगळ्यांना सांगितलं. ते खरंही होतं. पण रात्रभर तिच्या डोक्यात गुडघे नव्हते, दार होतं.

*

इंटरव्ह्यूला मैना राखाडी साडी नेसून गेली. इस्त्री अशी की साडीला हात लावायची भीती वाटावी. समोर नोकरी देणारे दोघं होते. मॅनेजर हर्षद, हाफपँट आणि समुद्रातल्या माशाचं चित्र असलेला टीशर्ट. मालकीणबाई सुचिता मॅडम, मुंबईहून त्याच सकाळी बोटीने मांडव्याला उतरलेल्या, गुडघ्यावर फाटलेली जीन्स घातलेल्या. मैनाला वाटलं, बिचारीला प्रवासात कुठेतरी लागलं असणार. पण विचारणं बरं दिसलं नसतं.

"तुमचं बोलणं किती गोड आहे हो," मॅडम म्हणाल्या. "असंच बोलायचं पाहुण्यांशी. हाय, न्हाय, सगळं. मुंबईच्या लोकांना हेच हवं असतं."

"बरं."

"फक्त हा लुक..." मॅडमनी हर्षदकडे पाहिलं.

"जरा डल आहे," हर्षद म्हणाला.

आणि त्याने टेबलाखालून पिशवी काढली. हिरवीगार नऊवारी, शिवलेली, कमरेला इलॅस्टिक. कोपराला भिडतील एवढ्या हिरव्या बांगड्या, पण प्लास्टिकच्या. काचेच्या फुटून पाहुण्यांच्या पायात जातात. दाबाची नथ. अंबाडा, गजऱ्यासकट, तयार. ठुशी. मंगळसूत्र. आणि कुंकवाची डबी. पाहुणे गाडीतून उतरले की दारात उभं राहून ताटाने ओवाळायचं, कुंकू लावायचं आणि 'माहेरी या' म्हणायचं, एवढंच काम.

मैना त्या पिशवीकडे पाहत राहिली.

"मॅडम, मी... आमचे मालक न्हायत. गेले ते. मना हे चालत न्हाय."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मैनाताई, आम्ही असलं काहीही मानत नाही! तुम्ही बिनधास्त घाला. उलट मला खूप आवडेल."

जे काम ग्रामपंचायतीच्या चौकटीतल्या ठरावाला जमलं नव्हतं, ते असं एका वाक्यात, चहा यायच्या आत उरकलं. आणि वर त्याचा पगार मिळणार होता.

*

पहिल्या दिवशी वॉशिंग मशीनच्या खोलीत क्रांतीने तिला तयार केलं. क्रांती खोल्या आवरायची, वीस-बावीस वर्षांची, तोंडात सतत गाणं. कुंकू लावताना मात्र ती गप्प झाली आणि डबी मैनाच्या हातात दिली.

"काकी, तुम्हीच लावा."

मैनाने लावलं. बोटाला जागा बरोबर आठवत होती. मंगळसूत्र तेवढं तिने पिशवीतच ठेवलं. ते बाळाजीने बांधलेलं नव्हतं. ठुशीखाली कुणाला कळलंही नाही.

मग ती पुढच्या दारात जाऊन उभी राहिली.

काम तिला यायचंच. माणसं यायची, काळे चष्मे, चाकांच्या बॅगा, कंटाळलेली पोरं. मैना ताट फिरवायची, "या, माहेरी या. दमल्या असाल, पानी घ्या," म्हणायची आणि माणसं विरघळायची. काही जण पाया पडायचे. एका नव्या नवरीने वाकून "काकू, आशीर्वाद द्या," म्हटलं, तेव्हा मैनाचा हात अर्ध्यावर थबकला. नंतर तिने दिला. दिल्यावर ती मुलगी मेलीबिली काही नाही. दोन दिवस समुद्रात डुंबून, तिसऱ्या दिवशी काळवंडून, खुशीत परत गेली.

गावात तिने सांगितलं होतं, ऑफिसात काम आहे. गावही रोज बघत होतं: इस्त्रीची फिकट साडी, खांद्याला पर्स, डोक्यावर पदर. जगातली माणसं चांगले कपडे घालून ऑफिसला जातात आणि घरी येऊन साधे घालतात. मैनाचं उलटं होतं. ती ऑफिसात जाऊन नटायची, आणि निघताना नळाखाली तोंड धरून सगळं उतरवायची.

कुंकू मात्र उतरायचं नाही. हर्षदने घाऊक आणलेलं, त्यात रंग कुठला होता देव जाणे. साबणाने घासलं तरी कपाळावर गुलाबी डाग उरायचा. एकदा घरी आल्यावर तिने पदर पुढे ओढला आणि डोकं दुखतंय, बाम लावलाय, असं कुणी न विचारताच सांगितलं.

नीराबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा परातीत पाहिलं. भाकरी तव्यावर टाकली. मग उठल्या, फळीवरची खोबरेलाची बाटली घेतली आणि मैनापुढे ठेवली.

"पान्यान जात न्हाय ते. तेलान पूस."

मैनाने बाटली उचलली.

"आई, ते कामाचं..."

"मी काय इचारलं तुना?" नीराबाई तव्याकडे वळल्या. "माजं पुसलं तवा कोन सांगाया नवतं. घास घास घासलं. कातडं गेलं, रंग न्हाय गेला."

त्यानंतर तो विषय दोघींत निघाला नाही. बाटली मात्र फळीवरून खाली, मोरीशी आली.

*

पौषानंतर आरोहीचं लग्न ठरलं. आरोही म्हणजे मैनाच्या नणंदेची, रंगूची मुलगी. रंगूचे यजमान बुधाजी यांचे खडीचे ट्रक. रंगू सगळा दिवस फोनवर ड्रायव्हरांवर ओरडण्यात घालवायची, त्यामुळे आरोही वाढली ती मामीच्या ओट्यावर. तिचे पहिले केस मैनाने विंचरले, पहिली शाळेची वेणी मैनाने घातली, पहिलं खोटं ती मैनासाठी बोलली. पण त्या मुलीच्या एकाही वाढदिवसाला मैनाने तिला ओवाळलेलं नव्हतं. तेव्हा पापड असायचे.

बुधाजीने साखरपुडा 'माहेर'लाच ठेवला. हल्ली घराच्या अंगणात साखरपुडा करणं म्हणजे ट्रक विकायला काढल्यासारखं दिसतं. पॅकेज त्याने सगळ्यात वरचं घेतलं. त्यात फुलांची कमान होती, धूर सोडणारं यंत्र होतं, आणि 'वधू-वरांचे पारंपरिक औक्षण' होतं.

हर्षदने फळ्यावर ते लिहिलं तेव्हा मैना त्या ओळीसमोर बराच वेळ उभी होती.

"तू सुट्टी घे," प्राप्ती घरी म्हणाली. "आपण पाहुणे म्हणूनच जाऊ ना."

"पाहुनी म्हनून गेली तर मी कुठं असंन, सांग."

प्राप्तीला पापड आठवले.

"मी कामावर जानार," मैना म्हणाली. "त्या दिशी वोवालायचं काम माजं हाय."

"मम्मे, आत्या काय बोलेल? त्यांना माहीतच नाही तू तिकडे काय घालतेस."

"काय बोलंल? पोलीस डरेसवर असला, तर त्याला कोन इचारतं का, तू घरी कोन हायस म्हनून? मी डरेसवर हाय. कंपनीनं सांगितलं, मी वोवाललं. दोष माज्यावर न्हाय, कोनावरच न्हाय."

तिने ते इतकं नीट जुळवलं होतं की प्राप्तीलाही क्षणभर खरं वाटलं. गणवेशाखाली माणूस दिसत नाही, असा मैनाचा हिशोब होता. मुंबईच्या पाहुण्यांच्या बाबतीत तो रोज बरोबर येत होता.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी मैनाने ताट स्वतः घासलं. सकाळी निरांजनात तूप घालताना ते काठावर सांडलं, म्हणून तिने ते पुन्हा पुसून पुन्हा घातलं. कुंकू क्रांतीच्या आरशात पाहून, अगदी गोल लावलं.

*

गावाची बस आधी आली. तिच्या मागून फुलांनी मढवलेली गाडी, त्यात आरोही. नवऱ्याकडची माणसं पेणहून निघाली होती, यायच्या बेतात होती.

पहिली उतरली रंगू. हातात ओटीच्या सामानाची परडी, अंगावर मोरपंखी शालू. कमानीखाली आली, दारातल्या बाईकडे बघून हसली, आणि ते हसू तसंच राहून गेलं.

"वहिनी?"

"या वन्सं. आरोहीला फुडं करा."

रंगूचे डोळे कपाळावर गेले. तिथून नथीवर, तिथून बांगड्यांवर. मग तिने मागे वळून पाहिलं, आणखी कुणी पाहिलंय का ते. सगळ्या बसने पाहिलं होतं.

"काय गो हे घातलंस?"

"डरेस हाय. कामाचा."

"कामाचा म्हनजे?"

"सगल्यांनाच वोवालते मी हिकडं. रोज."

गाडीची काच खाली झाली. "मामी!" आरोही ओरडली. "अय्या! काय भारी दिसतेस तू! थांब, मी आले, आपला फोटो..."

"मॅडम, फेस इकडे," फोटोवाला म्हणाला, आणि काच वर गेली.

रंगू मैनाच्या अगदी जवळ आली. परडीतला नारळ दोघींच्या मध्ये होता. तिचा आवाज खाली गेला, आणि तो कठोर नव्हता. कठोर असता तर बरं झालं असतं.

"वहिनी, माजं काय न्हाय गो. मी तर म्हन्ते तू रोज घाल. पन ते लोक येतील आता. त्यांच्यात अजून बगतात. त्यांच्या आत्याबाईला तुजं ठावं हाय, मीच सांगितलंय बोलन्यात. उद्या पोरीला कायबी झालं, साधा ताप आला, तरी तुजंच नाव काडतील. आपल्या पोरीचं नवं हाय सगलं." तिचे डोळे भरले. "तूच सांग, मी काय करू?"

गावाची ही रीत जुनी. शिक्षा ज्याला व्हायची, निकाल त्यालाच विचारायचा.

ताट मैनाच्या हातात स्थिर होतं. तोवर बुधाजी हर्षदकडे गेला होता, हर्षद मॅडमकडे, आणि मॅडम, आज कांजीवरम नेसलेल्या, टाचा टेकवत लगबगीने बाहेर आल्या.

"मैनाताई, तुम्हाला माहितीये मी असलं काही मानत नाही."

"व्हय."

"पण क्लायंटच्या भावना आहेत ना. लोकल फंक्शनला जरा... फक्त आजच्या दिवस. तुम्ही बॅकला मदत करा, तिथेही माणूस कमीच आहे. हे क्रांतीला होईल." त्यांनी नऊवारीकडे पाहिलं. "इलॅस्टिकच आहे."

"होईल," मैना म्हणाली.

तिने ताट हर्षदकडे दिलं. वाऱ्यावर ज्योत आडवी झाली, तेव्हा तिने हाताचा आडोसा केला आणि ती सरळ झाल्यावरच हात काढला. हर्षद नव्या कुर्त्यात, दोन्ही हातांत ताट धरून, पोटाशी बाळ दिल्यासारखा उभा राहिला. रंगूने मैनाच्या दंडाला हात लावला. मैनाने मान हलवली. मग ती पुढचं दार टाळून, नारळींच्या कुंपणाच्या कडेने, स्वैपाकघराच्या मागे निघाली. मागून क्रांतीची पावलं वाजत होती.

मागे गॅसचे सिलिंडर ओळीने लावलेले होते. मासळीचे रिकामे क्रेट, कांद्याची पोती, ओल्या फरशीचा वास. आणि प्लास्टिकच्या स्टुलावर नीराबाई बसल्या होत्या.

नवं लुगडं, अंबाड्यात काही नाही. पुढ्यात कांद्यांची टोपली. अर्धी सोलून झाली होती. नवरीची सख्खी आजी. गावाच्या बसमधूनच आली होती. बस थांबली तशी उतरली आणि इमारत कधी पाहिलेली नसताना नेमकी मागची बाजू शोधून काढून कामाला बसली होती. आचाऱ्याला ती कोण हे माहीत नव्हतं. त्याने विळी तेवढी दिली होती.

"आई!" मैनाचा आवाज चढला. "तुमाला कोन बोललं हिकडं या म्हनून?"

नीराबाईंनी कांदा सोलत सोलतच विचारलं, "कोन कदी बोलतंय?"

मैना भिंतीला टेकली. पुढे फटाक्यांची माळ लागली. पेणची माणसं पोचली होती.

"काकी," क्रांती रडवेली होऊन म्हणाली, "द्या ना साडी. हर्षदसर ताट घेऊन उभेत. सॉरी काकी. पण लवकर द्या."

मैनाचे हात अंबाड्याकडे गेले. एक पिन निघाली.

"थांब," नीराबाई म्हणाल्या.

त्यांनी विळी बाजूला सारली. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. लुगड्याला हात पुसले, एकदा, आणि नीट पुसले गेले नाहीत म्हणून पुन्हा. डोळे कांद्याने लाल झाले होते, ते मिचकावले.

"आजी, पाहुणे गेटात आले," क्रांती म्हणाली.

"येवंदे. आले ते कुठं जातात?" त्यांनी क्रांतीकडे पाहिलंही नाही. "मैने, ती पिन लाव पुन्ना. उभी रव जरा. मना बगू दे."

मैनाने पिन लावली. पदर सारखा केला. सिलिंडरांच्या रांगेपुढे, ओल्या फरशीवर ती ताठ उभी राहिली, आणि म्हातारी तिच्याकडे पायापासून कपाळापर्यंत, मग कपाळापासून पायापर्यंत, सावकाश बघत राहिली.